तीन पोरं, तीन सीटा आणि एक छोटी हॅचबॅक: आमच्या गाडीचं पूर्ण प्रकरण

आमच्याकडे पोरं तीन, आणि तिघांच्या लहान मुलांच्या सुरक्षेच्या सीटा एका छोट्या गाडीत मागे कशा बसवल्या त्याची ही गोष्ट. मोठा सात वर्षांचा, वजन साडेवीस किलो, उंची ११८ सेंटिमीटर. मधली चार वर्षांची, साडेचौदा किलो. धाकटी तेव्हा नऊ महिन्यांची होती, ८.२ किलो. राहतो चिपळूणला, सासर गुहागरच्या पुढे, माहेर दापोलीला, म्हणजे महिन्यातून दोन-तीन वेळा तरी सगळं बिऱ्हाड गाडीत घालून निघायचं असतं. नवरा लोट्याला एमआयडीसीत कामाला, तो कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी जवळजवळ रोज मीच चालवते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं फिरलं.

आमची आधीची गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षं सासऱ्यांची जुनी गाडी वापरली, तिला मागे मधल्या जागेवर फक्त कमरेचा बेल्ट होता. गेल्या वर्षी ही छोटी हॅचबॅक घेतली आणि घेताना मी एकच गोष्ट हट्टाने बघितली, मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा तीन पॉइंटचा बेल्ट आहे का. आहे. तो नसता तर पुढचं काहीच जमलं नसतं, कारण मोठ्या मुलाची बूस्टर सीट कमरेच्या बेल्टवर चालतच नाही, बूस्टरचं कामच मुळी मुलाला वर उचलून खांद्याचा पट्टा मानेवरून खांद्यावर आणि कमरेचा पट्टा पोटावरून मांड्यांच्या वर, हाडावर आणणं हे आहे. नुसत्या कमरेच्या बेल्टवर मूल धक्क्याला पुढे दुमडतं आणि पट्टा पोटात घुसतो.

घरात आधी वाद झाला तो सीटा हव्यात कशाला यावरच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला मी मांडीवर घेते ना, माझ्या हातात घट्ट राहील. आम्ही नाही का पोरं वाढवली?" त्यांचा जीव आहे नातवंडांवर, त्यात खोट काहीच नाही. मी वहीत हिशेब करून दाखवला. गाडी ५० च्या स्पीडला म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, समोर काहीतरी आलं आणि एक दशांश सेकंदात सगळं थांबलं, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला हाताला साधारण १४० किलोचा ओढा सहन करावा लागतो. आई, सिमेंटची जवळजवळ तीन पोती, म्हटलं, एकदम, न सांगता. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरं, मग तिच्याशेजारी कोण बसणार ते सांग." कोणीच नाही, शेजारी भावंडं. हे त्यांना पटायला वेळ लागला, पण वाद तिथे संपला. कायदा पण आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ ब आलं, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. पण आमच्या घरात तीन पोत्यांनीच काम केलं.

नवऱ्याच्या मित्राने सोपा उपाय सांगितला, मोठ्याला पुढे बसव आणि दोन सीटा मागे लाव. यावर मी विचार केला, कारण मागे जागाच नसेल तर मोठ्या मुलाला पुढे बूस्टरवर, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसवतात, तो शेवटचा पर्याय आहे. पण मागची जागा जास्त सुरक्षित हे नक्की, आणि मोठा पुढे गेला की कधीतरी घाईत धाकटी पुढे येणार अशी मला भीती होती. बाळाची पाठमोरी सीट, म्हणजे जिच्यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं ती, पुढे एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नसते, एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते, बाळ मरू शकतं. यात थोडं चालतं असं काही नाही. म्हणून ठरवलं की तिघं मागेच, आणि नाहीच जमलं तर मग बघू.

आमच्याकडे आधीपासून होतं ते असं. धाकटीसाठी भेट आलेला कॅरियर, म्हणजे बाळाची उचलून नेता येणारी पाठमोरी सीट, आयसोफिक्सच्या (बेल्टऐवजी गाडीतल्या पक्क्या कड्यांना अडकवायच्या) बेससकट, रुंदी ४४ सेंटिमीटर. मधलीची मोठी ऐसपैस सीट, ४७. मोठ्याची पाठ असलेली बूस्टर, ४५. बेरीज १३६. गाडीत टेप लावली तर दाराच्या हँडलच्या खाली, जिथे दोन्ही दारं आत फुगलेली आहेत तिथे १२२, आणि खांद्याच्या उंचीला १२८. म्हणजे कागदावर विषय संपला. तरीपण एका रविवारी सकाळी आम्ही तिन्ही घालून बघितल्याच, नवऱ्याने डावीकडून ढकललं आणि मी उजवीकडून, आणि दार लागलं, खरंच लागलं! नवरा खूश. मी मधली सीट हाताने धरून हलवली तर ती एका बाजूला वर उचललेली होती, बुडाची एक कड बेंचवर टेकतच नव्हती, दोन शेजाऱ्यांच्या मध्ये पाचरीसारखी अडकून उभी होती. हे फार फसवं असतं. अशी सीट घट्ट वाटते पण ती बेल्टने घट्ट नसते, शेजारच्या सीटांनी आवळलेली असते, आणि धक्का बसला की तिघी एकमेकींना घेऊन सरकणार. सीटा एकमेकींना टेकल्या तर चालतं. एकमेकींवर रेलल्या तर नाही. प्रत्येक सीट शेजारची काढून टाकली तरी आपल्या बेल्टवर घट्ट राहिली पाहिजे.

त्याच दिवशी अजून एक गोष्ट दिसली जी मला आधी माहितीच नव्हती. मधल्या जागेचा बकल लांब पट्टीवर आहे, आणि मधलीच्या सीटचा बेल्ट घट्ट ओढला की तो बकल बरोबर सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन आडवा वाकत होता. बकलवर ताण सरळ रेषेत यायला पाहिजे, तो कडेवर वाकला तर धक्क्याला तिथेच तुटू शकतो किंवा आपोआप सुटू शकतो. म्हणजे ती ४७ ची सीट, एकटी असती तरी मधल्या जागेवर बाद. रुंदीचा प्रश्नच नव्हता.

आता शेजारच्या काकूंचं. त्यांनी प्रेमाने माळ्यावरून एक सीट काढून दिली, त्यांच्या नातवाची, महागाची, रुंदीला पण कमी. पुरात खालच्या मजल्यावर होती, पाणी ओसरल्यावर धुतली, उन्हात वाळवली, प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवली. बघायला अगदी स्वच्छ. मी बकल दाबला तर आतून वाळू घासल्यासारखा कर्रकर्र आवाज आला, आणि जीभ आत ढकलली तर क्लिक न होता ती अर्ध्यावर थांबली. अजून एकदा जोर दिला तेव्हा बसली. कव्हर उचललं, तर फोमच्या खाचेत वाशिष्ठीचा गाळ, वाळून पापुद्रे झालेला, नखाने निघेल असा. पट्ट्यांवर काळे ठिपके. त्या दिवशीच्या पाण्यात काय काय होतं ते चिपळूणकरांना सांगायला नको, डिझेल, सांडपाणी, दुकानांतली रसायनं, आणि ते पाणी पट्ट्याच्या धाग्यांत मुरलेलं. मी काकूंना हात जोडून परत दिली आणि कारण खरं ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं पण ती सीट त्यांनी पट्टे कापून भंगारात दिली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पोराखाली जायला नको. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. वापरलेली सीट घ्यायचीच असेल तर तिचा सगळा इतिहास माहीत असलेल्या घरातून घ्यावी, अपघातात किंवा पाण्यात गेलेली नको, खाली छापलेली तारीख बघावी, आणि केशरी रंगाचं लेबल शोधावं ज्यावर गोलात इंग्रजी ई असतं, ते युरोपच्या नियमाप्रमाणे तपासल्याचं चिन्ह.

मग खरी शोधाशोध सुरू झाली. ऑनलाइन मागवून परत पाठवत बसणं आमच्याकडे त्रासाचं, कुरियरवाला दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून मी आधी पुठ्ठे कापले. मे महिना होता, घरात हापूसच्या रिकाम्या पेट्यांची रास. प्रत्येक सीटसाठी दोन पुठ्ठे, एक बुडाच्या रुंदीचा आणि एक खांद्याच्या रुंदीचा, त्यावर मार्करने आकडा लिहिला आणि गाडीत बेंचवर आणि पाठीला लावून बघायला लागले. मोठा याच्यात फार रमला, कात्री त्याच्याकडे. आणि याच पुठ्ठ्यांनी मला कळलं की रुंदीची बेरीज हा प्रकारच चुकीचा आहे. सीटच्या रुंदीचा दिलेला आकडा तिच्या सगळ्यात रुंद जागेचा असतो, आणि प्रत्येक सीटची रुंद जागा वेगळ्या ठिकाणी येते. समोर तोंड असलेली सीट गाडीच्या पाठीजवळ, खांद्याच्या उंचीला रुंद असते. पाठमोरी सीट उलट, तिचे खांदे पुढच्या सीटच्या पाठीमागे, हवेत, आणि बेंचच्या पाठीजवळ फक्त तिचा पायाकडचा निमुळता भाग. म्हणजे एक पाठमोरी आणि तिच्याशेजारी एक समोर तोंडाची ठेवली की एकीचे खांदे दुसरीच्या खांद्याला लागतच नाहीत. दोन डबे एक सुलटा एक पालथा ठेवले की टोपलीत बसतात, तसं.

दुसरी गोष्ट आयसोफिक्सची. सगळे सांगतात की आयसोफिक्स म्हणजे एकदम पक्कं, आणि एक-दोन सीटा असतील तर खरंच सोपं आहे, दोन कड्या, मध्ये २८ सेंटिमीटर अंतर, खट करून बसतं, चुकायला वाव कमी. पण त्या कड्या गाडीच्या लोखंडाला वेल्ड केलेल्या असतात, त्या सरकत नाहीत, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत कडेच्या दोनच जागांना असतात. आमच्या कॅरियरचा बेस त्या कड्यांवर बसला की दाराकडे तीन बोटं जागा रिकामी राहायची आणि मध्ये तेवढीच कमी पडायची. आम्हाला जी तीन बोटं हवी होती ती दाराशी वाया जात होती! बेल्टने लावलेली सीट मात्र दाराकडे हवी तेवढी सरकवून मग आवळता येते. नीट आवळली तर बेल्टची सीट काही कमी नाही, फक्त नीट आवळायला मेहनत आहे. तिघांच्या बाबतीत मी आता कोणालाही आधी बेल्टचाच विचार करा म्हणून सांगते.

म्हणून कॅरियर बेसशिवाय, मधल्या जागी लावून बघितला. मध्ये पाठमोरी सीट ठेवण्याचा फायदा म्हणजे तिचं डोकं दोन पुढच्या सीटांच्या फटीत जातं आणि पुढे दोघांनाही पाय पसरायला जागा राहते. कॅरियरला बेल्ट पोटावरून आणि मग पूर्ण पाठीमागून वळसा घालून जातो, आणि आमचा मधला बेल्ट चार बोटं कमी पडला. चारच बोटं. मी तो पूर्ण बाहेर ओढून, कॅरियर थोडा तिरपा करून, सगळं करून बघितलं. ऑनलाइन बेल्ट लांब करायची क्लिप मिळते ती कोणीतरी सुचवली, ती लहान मुलांच्या सीटला लावायची नसते, बकल चुकीच्या जागी येतो आणि ती सीट त्या क्लिपसोबत कधी तपासलेलीच नसते. कॅरियर मावसबहिणीला दिला, तिचं पहिलं बाळ येणार होतं आणि तिच्या गाडीत तो बेससकट छान बसला.

शेवटी एकाच मॉडेलच्या दोन सीटा घेतल्या, खांद्याला ४३ आणि बुडाला ३६ सेंटिमीटर. या प्रकारची सीट १३ किलोपर्यंत पाठमोरी आणि पुढे ९ ते १८ किलोत समोर तोंड करून वापरता येते, म्हणजे एक धाकटीला पाठमोरी, एक मधलीला समोर. मोठ्यासाठी दुसरी बूस्टर, हात नसलेली, खांद्याला ४४ आणि बुडाला ४०. दोन सीटांचे तेरा हजार आणि बूस्टरचे चार, वर जुनी ४७ ची विकून तीन परत आले. सात सीटरची गाडी घ्या असं सांगणारे भेटले, त्यांना नुसता हप्त्याचा आकडा सांगितला. सगळी मिळून बेरीज अजूनही १३० होती, दारातल्या १२२ पेक्षा जास्त, आणि तरी पुठ्ठे सांगत होते की बसेल, कारण बुडाची बेरीज ३६, ३६ आणि ४० म्हणजे ११२.

बसली. पण कोण कुठे, इथे अजून एक आठवडा गेला.

पहिली मांडणी सरळ सुचली ती, धाकटी डावीकडे म्हणजे उतरवायला सोपी, मधली मध्ये, मोठा माझ्यामागे उजवीकडे. तिन्ही सीटा घट्ट, दारं नीट लागली, मी समाधानाने सोफ्यावर बसले. सोमवारी सकाळी शाळेला निघालो आणि मागून आवाज, "मम्मी, लागत नाही गं." बूस्टरचं वेगळं असतं, बाकी दोघींच्या सीटांचे बेल्ट एकदा आवळले की तसेच राहतात, मुलींना आतल्या पट्ट्यांनी बांधायचं, पण बूस्टरवर मुलाला गाडीचाच बेल्ट दर वेळी लावावा लागतो. आणि आमच्या गाडीत उजव्या जागेचा बकल आणि मधल्या जागेचा बकल अगदी शेजारी-शेजारी, जुळ्यासारखे. मधल्या सीटचं बूड त्यावर आलेलं. मोठा बोटांनी फटीत चाचपत होता, मग बूस्टर उचलून बघत होता, मग मी हात घातला तर माझी बोटं पण जेमतेम जात होती, मागे हॉर्न, मधली रडायला लागलेली. त्या दिवशी मी शाळेपर्यंत वीसच्या स्पीडने गेले आणि घरी येऊन सगळं परत काढलं.

मला जे सुचायला इतके दिवस लागले ते हे, की रोज उघडबंद होणारा बकल एकच आहे, मोठ्याचा. मग त्याला मोकळ्या बाजूला ठेवायचं आणि गुंतागुंतीच्या बाजूला त्या दोन सीटा ठेवायच्या ज्यांचे बकल एकदा लावले की हात लावायचा नाही. डाव्या जागेचा बकल आमच्या गाडीत एकटा उभा आहे, शेजारी फक्त मधल्या बेल्टचं टोक. म्हणून मोठा डावीकडे. यात अजून एक चांगलं झालं, स्वतः दार उघडून उतरणारा तोच एक, आणि तो आता रस्त्याच्या कडेला उतरतो, गाड्यांच्या बाजूला नाही.

धाकटी उजवीकडे, माझ्यामागे. पाठमोरी सीट लांबीला जागा खाते, पुढची सीट पुढे सरकवावी लागते, आणि सगळे म्हणाले ड्रायव्हरमागे कशी चालेल. पण मी पाच फूट एक इंच आहे, माझी सीट आधीपासूनच पुढे असते. स्टिअरिंगपासून माझी छाती टेपने मोजली, ३१ सेंटिमीटर, निदान २५ असावी म्हणतात, म्हणजे मला त्रास नाही. नवरा पाच दहा, त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात, तो या मांडणीत गाडी चालवू शकत नाही. हा या मांडणीचा खरा तोटा आहे आणि तो आम्ही समजून उमजून घेतलाय. सगळे बरोबर असलो की मीच चालवते, कुंभार्ली घाट असो नाहीतर गणपतीतला हायवे. दुसरा तोटा, धाकटीला बसवायला मला गाड्यांच्या बाजूला उभं राहावं लागतं. म्हणून बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला मी तिला कधीच बसवत नाही, थोडं लांब पडलं तरी एखाद्या आवारात गाडी नेऊन मगच.

लावायचा क्रम पण ठरलेला आहे. आधी मधली सीट, कारण दोन्ही बाजू मोकळ्या असतानाच तिच्यावर गुडघा ठेवून, सगळं वजन टाकून बेल्ट ओढता येतो. बेल्ट लाल खुणांमधून, समोर तोंडाला लाल आणि पाठमोरीला निळ्या खुणा असतात, यात चूक फार होते, विशेषतः एकाच मॉडेलच्या दोन सीटा असल्या की. आपल्याकडच्या गाड्यांचे बेल्ट फक्त झटका बसल्यावर लॉक होतात, एरवी हळूहळू सैल होऊ शकतात, म्हणून सीटवरची लॉकची क्लिप लावायचीच. मग धाकटीची, दाराकडे पूर्ण सरकवून. मग जिथून बेल्ट जातो त्या जागी हात धरून हलवायचं, एक इंचाच्या वर हलता कामा नये, वरच्या टोकाला धरून हलवलं तर थोडी हलणारच, त्याने घाबरू नये. शेवटी बूस्टर. मोठ्याला मी सलग दहा वेळा बेल्ट लावायला लावला, बघून, मग न बघता, दहाव्या वेळी तो म्हणाला झालं आता, आणि तेव्हापासून निघताना "क्लिक झालं" असं तो ओरडतो, त्याशिवाय मी पहिला गिअर टाकत नाही.

मुलींच्या पट्ट्यांचं थोडक्यात. पाठमोरीला पट्टे खांद्याच्या बरोबरीला किंवा जरा खालून, समोर तोंडाला खांद्याच्या बरोबरीला किंवा जरा वरून. आवळल्यावर खांद्यावर चिमटीत पट्ट्याची घडी धरता आली तर अजून सैल आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पोरं रेनकोटातच गाडीत चढतात आणि तसंच बांधलं तर रेनकोटाची जाडी मध्ये राहते, पट्टा घट्ट वाटतो पण नसतो, शिवाय ते कापड निसरडं. म्हणून आधी रेनकोट काढायचा, पावसात दार उघडं ठेवून सगळे भिजतात, भिजू दे, डिकीत टॉवेल असतो. मे मध्ये उलट, उन्हात उभ्या गाडीत बकलचं धातू इतकं तापतं की मांडीला चटका बसतो, तेव्हा पांढरा पंचा टाकून ठेवते आणि बांधण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते.

मधलीला गाडी लागते. मध्ये बसल्याने तिला समोरचा रस्ता दिसतो, हा न ठरवता झालेला फायदा, कुंभार्ली घाटात आवळा सुपारी आणि समोर बघणं यावर आता बऱ्याचदा भागतं. पण एकदा नाही भागलं. कव्हर मशीनमध्ये धुतलं, पट्टे मात्र फक्त ओल्या फडक्याने आणि अगदी सौम्य साबणाने पुसले, पट्टे भिजवून ब्लीच किंवा कडक पावडरमध्ये घालायचे नसतात, धागा कमजोर होतो. आणि आपल्या हवेत सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. जुलैत आठवडाभर गाडी उभी होती तर कव्हराच्या खालच्या बाजूला पांढरट पडलं होतं. आता पावसाळ्यात दर रविवारी कव्हरं काढून पंख्याखाली टाकते, आणि तेव्हाच सीटांच्या खालून वाळूबिळू झटकते, गुहागरच्या किनाऱ्यावरून आलो की बकलमध्ये वाळू असतेच.

माहेरी जाताना धोपाव्याला गाडी फेरीबोटीत चढवून दाभोळला उतरतो. तिथे मी वेगळं करते, गाडी बोटीवर उभी राहिली, हँडब्रेक लावला की तिघांनाही लगेच सोडते आणि बाहेर घेते, पाण्यावर कोणी बांधलेलं नको. पहिल्यांदा तिघांना सोडायला मला बराच वेळ लागला होता आणि बोट अर्ध्यात पोचली होती, ते मला अजिबात आवडलं नाही. आता नवरा मधलीला, मी धाकटीला, मोठा स्वतः, बोटीचा फळा वर उचलायच्या आत सगळे कठड्यापासून लांब बाकावर. दाभोळ जवळ आलं की परत बांधायला मात्र घाई होते, मागच्या गाड्या हॉर्न देतात, देऊ देत, मी आधी सांगून ठेवते की भाऊ, दोन मिनिटं लागतील, पोरं आहेत, आणि अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

आज हे लावून आठ महिने झाले. धाकटी सतरा महिन्यांची, १०.४ किलो, अजून पाठमोरीच, आणि १३ किलो होईपर्यंत किंवा तिचं डोकं सीटच्या वरच्या कडेला येईपर्यंत तशीच राहील, पाय दुमडतात म्हणून फिरवायची घाई नाही, ती पाय मस्त वर टेकवून झोपते. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची, पाठमोरं असलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. मधली साडेपंधरा किलोवर आहे, १८ झाले की तिला बूस्टर लागेल आणि तेव्हा मध्ये रोज उघडायचा बकल येईल, म्हणजे ही मांडणी मोडणार. तेव्हा धाकटी मध्ये आणि दोन बूस्टर कडेला असं होईल बहुतेक. पुठ्ठे माळ्यावर ठेवलेत.

मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. धुताना तिथल्या पोराने तिन्ही सीटा काढल्या आणि अगदी काळजीने परत लावून दिल्या, दिसायला सगळं जिथल्या तिथे. मी हलवून बघितलं तर मधली सीट हातभर सरकली, बेल्ट निळ्या खुणांमधून घातला होता आणि लॉकची क्लिप उघडी. त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता गाडी देताना सीटा मीच काढून घरी ठेवते आणि आल्यावर अंगणात परत लावते, मधली, उजवी, मग बूस्टर, सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.